18 अंशांचा उतार, बाकीचे अंश कुठून आले?

आमची एटीव्ही, म्हणजे शेतात वापरायची चारचाकी क्वाड बाइक, उतारावर उलटली तेव्हा तिथे ती चालवणारा मुलगा एकटाच होता, त्यामुळे पहिली हकीकत त्याचीच. "दादा, वर वळवायला गेलो आणि बसल्या जागी आडवी झाली. वेग नव्हताच." वेग खरंच नव्हता, माणूस चालतो तेवढाच. डाव्या घोट्याचं हाड चिरलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं. गाडी डाव्या अंगावर पडून एका जुन्या खुंटाला अडकली, नाहीतर ती त्याच्या अंगावरून खाली गेली असती. एटीव्हीच्या अपघातांत अनेकदा जीव जातो तो असाच, गाडीखाली छाती दाबली जाऊन. डोक्यावर हेल्मेट होतं हे चांगलंच, पण छातीवर 300 किलो आले तर हेल्मेट काय करणार?

निकाल तासाभरात लागला होता: चालकाची चूक, उतारावरून आडवं जायलाच नको होतं. हे खोटं नाही. पण तोच मुलगा, तीच गाडी, त्याच उतारावरून दोन हंगाम जात होता. मग त्या दिवशीच का? ते शोधण्यात मी दोन दिवस घालवले. गाड्यांची देखभाल माझ्याकडे असते, आणि शोधाअंती बराचसा हिशोब माझ्याच नावावर निघाला, हे आधीच सांगून टाकतो.

गाडी आणि काम

गाडी 400 सीसी वर्गातली, कामासाठी घेतलेली. रिकामं वजन 300 किलोच्या घरात. ऑटोमॅटिक, बेल्टवर चालणारी. मागचा एक्सल (दोन चाकं जोडणारा दांडा) अखंड, म्हणजे मागची दोन्ही चाकं कायम एकाच वेगाने फिरणार. पुढे याचा संबंध येणार आहे. काम होतं डोंगरउतारावरच्या लागवडीत तणनाशक मारायचं. मागच्या रॅकवर 60 लिटरची टाकी, तिला जोडलेला छोटा पंप आणि नळी.

चालक मुलगा चोविशीतला, मोटरसायकल सहा वर्षं चालवलेली. त्याला एटीव्ही देताना मला याच गोष्टीचा विश्वास वाटला होता. आज वाटतं, मोटरसायकल अजिबात न चालवलेला माणूस शिकवायला सोपा गेला असता. दुचाकीवर तोल जायला लागला की पाय आपोआप जमिनीकडे जातो. ते शिकवावं लागत नाही आणि विसरूही म्हणता येत नाही. एटीव्हीवर फूटरेस्टवरून सुटलेला पाय दोनच ठिकाणी जाऊ शकतो, मागच्या चाकाखाली किंवा कलणाऱ्या गाडीखाली. शिवाय दुचाकी कलवली की वळते. एटीव्ही आपणहून कलत नाही, तिच्यावर कलायचं असतं ते चालकाने, आणि तेही वळणाच्या आतल्या बाजूला किंवा उताराच्या वरच्या बाजूला, सीटवरून बूड सरकवून.

चार चाकं बघून माणूस निर्धास्त होतो, हा दुसरा घोटाळा. या गाड्यांची सुरुवात तीन चाकांवर झाली. होंडाची पहिली तीनचाकी 1970 ची. सुझुकीने 1982 मध्ये चारचाकी आणली. तीनचाकी इतक्या उलटायच्या की 1988 मध्ये अमेरिकेत उत्पादकांनी ग्राहक सुरक्षा आयोगाशी करार करून त्यांची विक्री थांबवली. चौथ्या चाकाने फरक पडला, पण मोटारीसारखी बैठक काही आली नाही. गाडी अरुंद, जमिनीपासून उंच, आणि चालक तिच्या आत नाही तर वर बसलेला.

दुसऱ्या दिवशी गाडीत काय सापडलं

गाडी उभी केली तेव्हा डाव्या मागच्या टायरवर नजर गेली. दिसायला थोडा बसका, बस. एटीव्हीचे टायर मुळातच गुबगुबीत आणि मऊ, कमी हवेवर चालणारे, त्यामुळे "थोडा बसका" हे कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. आमच्या गाडीच्या स्टिकरवर लिहिलं होतं: पुढे 5 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मागे 4. मोटारीच्या टायरात तीसच्या आसपास असते, त्या मानाने ही हवा म्हणजे फुंकर.

आता आमच्या शेडमधला गेज. त्याच्या तबकडीवरचे आकडे 10 पासून सुरू होतात. म्हणजे या गाडीच्या टायरात किती हवा आहे हे आम्ही कधीच मोजलेलं नव्हतं! कंप्रेसरची नळी लावायची, एक सेकंद दाबायचं, अंगठ्याने दाबून बघायचं, झालं. हे करणारा मीच. 0 ते 10 पीएसआय दाखवणारा गेज मागवून घेतला आणि मोजलं. पुढचा डावा 5, पुढचा उजवा 6, मागचा उजवा 7, मागचा डावा 2.

2 आणि 7. मोटारीत पाचाचा फरक कोणी मनावर घेत नाही. इथे एक टायर ठरलेल्या हवेच्या निम्म्यावर होता आणि दुसऱ्यात जवळपास दुप्पट होती. टाकी भरून रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप धरला, तर डावी बाजू उजवीपेक्षा 3 सेंटिमीटरने खाली. वर मागचा एक्सल अखंड असल्याने, उजवं फुगलेलं मोठं चाक आणि डावं बसलेलं लहान चाक एकाच वेगाने फिरत होती. मोठं चाक तेवढ्याच फेऱ्यांत जास्त अंतर कापतं, म्हणून गाडी सतत लहान चाकाकडे वळू बघते. मुलगा आठवडाभर सांगत होता, "दादा, हँडल डावीकडे ओढतंय." मी पुढचे टाय रॉड आणि बॉल जॉइंट, म्हणजे हँडलपासून चाकापर्यंतचे दांडे आणि सांधे, हलवून पाहिले, ढिलेपणा नव्हता, आणि विषय सोडून दिला. मागे बघितलंच नाही.

गळती कुठून होती ते साबणाच्या पाण्याने कळलं. पंक्चर नव्हतं. टायरची कड रिमवर जिथे बसते तिथे वाळलेल्या चिखलाची एक पातळ पापडी अडकली होती आणि तिथून बारीक बुडबुडे येत होते. इतक्या कमी दाबाला टायरची कड रिमवर जेमतेम धरून असते, त्यामुळे एवढीशी घाणही पुरते.

आणखी एक दोष सापडला, पण तो अपघाताचं कारण नव्हता असं माझं मत आहे. अंगठ्याचा थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) सोडल्यावर टक्कन परत यायला हवा. हँडल सरळ असताना तो येत होता. हँडल पूर्ण उजवीकडे वळवलं की मात्र आळसावत यायचा. केबलच्या रबरी टोपणात चिखल शिरला होता आणि टाकीची नळी बांधताना कोणीतरी केबलला एक नको ते वळण दिलं होतं. पडण्याच्या क्षणी इंजिनाने उसळी घेतली नाही हे मुलगा ठामपणे सांगतो आणि मातीवरच्या खुणाही तेच सांगतात: चाक गरगरल्याचा ओरखडा कुठेच नव्हता. तरी हा दोष अरुंद वळणावर एखाद्याला कड्याकडे घेऊन गेला असता. म्हणून थ्रॉटल तपासायचा तर तीन ठिकाणी: हँडल सरळ, पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे.

ऑइल, कूलंट, ब्रेक पॅड, एअर फिल्टर सगळं ठीक होतं. म्हणजे ज्या गोष्टी मी नेमाने बघतो त्या उत्तम होत्या.

अंशांचा जमाखर्च

पडलेल्या जागेचा उतार फोनवरच्या लेव्हलने मोजला, 18 अंश. बऱ्याच उत्पादकांच्या पुस्तिकांत उताराची मर्यादा 15 ते 25 अंशांच्या दरम्यान कुठेतरी सांगितलेली असते. म्हणजे 18 हा काही चेष्टेचा उतार नाही, पण तेवढ्यावर गाडी उलटायला नको.

आता ढोबळ हिशोब. मागच्या दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर 90 सेंटिमीटर, त्याचं निम्मं 45. गाडी, चालक आणि टाकी मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण 65 सेंटिमीटरवर धरला. 45 भागिले 65, म्हणजे गाडी बाजूला कलंडायचा कोन 34–35 अंश. पण हा झाला दगडासारख्या कडक गाडीचा कोन. खरी गाडी कलली की खालच्या बाजूचे टायर आणि सस्पेन्शन दबतात, त्यामुळे हातात 30 किंवा त्याहून कमीच उरतात. हा आकडा हवेतला नाही. ऑस्ट्रेलियाने 2019 मध्ये क्वाड बाइकसाठी जो सुरक्षा मानक आणला, त्यात कामाच्या गाडीला बाजूच्या तोलासाठी किमान 28.81 अंशांची अट आहे, आणि गाडी किती अंशांवर कलंडते हे विक्रीच्या वेळी चिठ्ठीवर लिहून लावावं लागतं.

म्हणजे 18 वजा जाता आमच्याकडे 10–12 अंश शिल्लक होते. ते कुठे गेले?

वरच्या बाजूचं, म्हणजे उजवं मागचं चाक एका दगडावर चढलं. दगड 12 सेंटिमीटर उंच, अजून तिथेच आहे. 90 सेंटिमीटरवर 12 म्हणजे साडेसात अंश होतात, पण एकच चाक चढलं आणि काही भाग सस्पेन्शनने खाल्ला, म्हणून मी 4 धरले. डाव्या टायरच्या 3 सेंटिमीटरचे मागच्या बाजूला 2 अंश, सबंध गाडीला मिळून 1. टाकी अर्धी होती. 18 अंशांवर तिच्यातलं 30 लिटर पाणी खालच्या बाजूला गोळा होतं, आणि त्याचा मध्य सुमारे 9 सेंटिमीटर सरकतो. मला वाटलं होतं खरी खलनायिका टाकीच निघणार. हिशोब केला तर चारशे किलोंच्या एकूण बोज्यात ही सरक जेमतेम अर्धा अंश. पाण्याचा त्रास असतो तो हेलकाव्याचा. गाडीला हिसका बसला की पाणी क्षणभर उशिरा येऊन भिंतीवर आपटतं, आणि ते नेमकं नको तेव्हा. त्याचा आकडा मला काढता आला नाही.

मग वळण. गाडी डावीकडे, म्हणजे उताराच्या बाजूला ओढत होती, म्हणून तो सारखा हँडल वर, उजवीकडे देत होता. दगडावर चाक चढताच त्याने ते आणखी जोरात दिलं. वर वळताना फेक बसते ती खाली. चालण्याच्या वेगाला, तीनेक मीटरच्या वळणात ही फेक जवळपास 4 अंशांइतकी भरते. मला हे कागदावर मांडेपर्यंत पटलं नव्हतं. इतक्या कमी वेगाला वळणाची फेक कोण मोजतो?

आणि शेवटी तो स्वतः. वजन 75 किलो. गाडी डावीकडे कलतेय असं वाटताक्षणी अंग डावीकडे गेलं आणि डावा पाय जमिनीकडे. मोटरसायकलची सहा वर्षं. अंग 20 सेंटिमीटर उताराकडे गेलं तर 3 अंश जातात. तेच 20 सेंटिमीटर डोंगराकडे सरकलं असतं तर 3 अंश मिळाले असते. चालकाच्या बुडात सहा अंश असतात, असं मी आता नव्या मुलांना सांगतो. हसतात, पण लक्षात ठेवतात.

18, 4, 1, अर्धा, 4, 3. बेरीज साडेतीस.

यातला कुठलाही एक आकडा काढून बघा. दगड नसता तर साडेसव्वीस. अंग वर असतं तर साडेचोवीस. टायर बरोबर असता तर वरवर पाहता एकच अंश वाचला असता, पण गाडी ओढली नसती, मग हँडल तेवढं दिलं नसतं, आणि वळणाचे चारही बहुतेक वाचले असते.

मग तो उतरला का नाही?

इथपर्यंत मला प्रकरण समजल्यासारखं वाटत होतं. मग त्याच्या घरी भेटायला गेलो आणि सहज विचारलं, "दगड दिसला नव्हता का?"

"दिसला होता की."

"मग थांबून उतरायचंस. बाजूला करायचास."

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "उतरलो असतो तर गाडी गेली असती, दादा. पार्किंग ब्रेक धरत नाही ना."

पार्किंग ब्रेक धरत नव्हता हे मला माहीत होतं. केबल ताणली गेली होती, लिव्हर पूर्ण ओढला तरी मागचा ब्रेक जेमतेम घासायचा. शेडची फरशी सपाट, तिथे त्याची आठवण होत नाही. "बघू एकदा" म्हणत चार महिने गेले. त्या चार महिन्यांत हा मुलगा उतारावर एकदाही गाडीवरून उतरला नव्हता. चढावर इंजिन दमलं तरी गाडी कशीबशी फिरवून आणायचा, कारण ब्रेक दाबून बसून राहणं किंवा चालत राहणं एवढेच दोन मार्ग त्याच्याकडे होते. चढावर अडकल्यावर काय करायचं हे मी त्याला व्यवस्थित शिकवलं होतं: अंग पुढे, ब्रेक दाबून थांबायचं, पार्किंग ब्रेक लावायचा, डोंगराच्या बाजूने उतरायचं. गाडी मागे घरंगळायला लागली तर पुढचा ब्रेक हळूहळू, मागचा एकदम दाबायचा नाही, नाहीतर पुढची चाकं उचलून ती पाठीवर येते. सगळं शिकवलं. फक्त ते करता येणार नाही अशी गाडी त्याच्या हातात दिली.

केबलचा ॲडजस्टर सैल करून, ताण देऊन, लॉकनट आवळायला मला दहा मिनिटं लागली. आता लिव्हर अर्ध्यावर आला की चाक जाम.

पुढे काय बदललं

पहिला बदल टाकीचा. रॅकवरच्या स्टिकरवर 60 किलोची मर्यादा लिहिलेली होती. 60 लिटर पाणी, वर टाकी, पंप आणि नळीचे 12 किलो म्हणजे भरलेली टाकी मर्यादेबाहेर, आणि मर्यादेत राहायचं तर ती अर्धवट भरून हेलकावे घेणार. म्हणजे ही टाकी या गाडीला कुठल्याच तऱ्हेने योग्य नव्हती. आता 40 लिटरची आहे, आत आडपडदे असलेली, बसकी. त्याहून महत्त्वाचं, तीव्र उतारावर गाडी नेतच नाही. वरच्या सपाटीवर उभी करायची, 30 मीटर नळी सोडायची आणि फवारणी पायी. वेळ जास्त जातो, यावर कुरकुरही झाली. जिथे गाडी न्यावीच लागते तिथे सरळ वर, सरळ खाली, आडवं नाही. उतरताना अंग मागे, लो गिअर, उतार संपेपर्यंत इंजिनचाच ब्रेक.

गाडीवर मागे उलटसुरक्षेची कमान बसवावी का, यावर आमच्यात दोन तट आहेत. ऑस्ट्रेलियात 11 ऑक्टोबर 2021 पासून कामाच्या नव्या क्वाडला ती बंधनकारक आहे. विरोधकांचं म्हणणं, ती झाडांच्या फांद्यांत अडकते. माझं मत कमानीच्या बाजूने आहे. खुंट दर वेळी जागेवर असेलच असं नाही.

दुसरा बदल सकाळच्या चार मिनिटांचा. गेज आता गाडीच्या चावीला बांधलेला आहे. वेगळा ठेवला की हरवतो आणि मग अंगठा सुरू होतो. हवा बघायची ती टायर थंड असताना, चारही, आणि आकडा वहीत लिहायचा. वहीमुळेच कळलं की कड साफ करूनसुद्धा डावा मागचा तीन दिवसांत एक पीएसआय सोडत होता. टायर रिमवरून उतरवला, तर रिमची कडही गंजाने खरवडलेली निघाली. घासून, सीलर लावून बसवल्यावर थांबला. हवेनंतर थ्रॉटल तीन ठिकाणी, मग ब्रेक, मग पार्किंग ब्रेक लावून गाडी ढकलून बघणं. चाकांचे नट हाताने चाचपून. एक्सलच्या रबरी बूटला चीर पडून ग्रीस बाहेर आलं आहे का, हे वाकून बघायचं. चिरलेला बूट आठवडाभर चालवला तर आत माती जाऊन जॉइंटच जातो. ऑइल डिपस्टिकवर दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, गाडी चालूच करायची नाही. एक्झॉस्टजवळ साचलेलं वाळकं गवत काढायचं, ते पेट घेतं.

धुण्याबद्दल एकच. प्रेशर वॉशरची धार बेअरिंग, सील आणि एअर बॉक्सवर मारू नका. चिखलापेक्षा जास्त नुकसान ती धार करते. केबलच्या टोपणात तो चिखल शिरला कसा, याचंही उत्तर बहुधा तेच.

प्लास्टर सुटल्यावर मुलगा परत आला. पहिला आठवडा मी त्याला इंजिन बंद ठेवून नुसता उतारावर बसवला: फूटरेस्टवरून पाय न काढता अंग डोंगराकडे सरकवायचं, परत मध्ये यायचं, शंभर वेळा. त्याला कंटाळा आला, मलाही. डावा पाय तरी पहिले दोन दिवस मध्येच सुटायचाच.

मग एके दिवशी तो सरळ चढाने वर जात होता आणि मी खाली होतो. मध्यावर गाडी थांबली. त्याने लिव्हर ओढला, गाडी एकदा ढकलून पाहिली, वरच्या बाजूने उतरला, समोरचा दगड दोन्ही हातांनी उचलून बाजूला टाकला, आणि हात पँटला पुसत परत चढून बसला.